अजिंठ्याला जाल तेव्हा आधी रेषा पाहा

आपल्या माहीमच्या वस्त्यांमधून सहलीच्या बसेस अजिंठ्याला जातात. मंडळी चैत्यगृहात वंदना घेतात, पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहतात आणि "रंग उडालेत हो सगळे" असे म्हणत पायऱ्या उतरतात. रंग उडाले हे खरे आहे. पण जे उरले आहे ते कसे पाहायचे हे कष्टकरी माणसाला कोणी सांगितले नाही. चित्रे समजणे हे शिकल्यासवरलेल्यांचे काम, असा समज करून दिला गेला. आम्हाला तो मुळीच मान्य नाही.

भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात. मग तांबड्या रंगाने आखणी, त्यानंतर रंग आणि अखेरीस गडद रेषेने कडा पुन्हा पक्की. चित्रात छटाही आहेत, परंतु भाव पेलते ती ही शेवटची रेषा. ती एकसारख्या जाडीची नाही. कुठे दाब देऊन ओढलेली, कुठे केसासारखी बारीक. वहीत पट्टीने मारतो तशी रेषा तिथे शोधूनही सापडायची नाही.

सतराव्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराजवळ राहुल आणि त्याची आई आहेत. तथागत भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला आले आहेत. ते केवढे तरी उंच काढले आहेत, मायलेकरे अगदी लहान. आईने मुलाला हलकेच पुढे केले आहे. तिच्या मानेची आणि हातांची रेषा निरखून पाहा. मुलाला पाठवायचे आहे आणि सोडवतही नाही, हे दोन्ही त्या रेषेत आहे. आमच्या भगिनींना हे चित्र कोणी समजावून द्यावे लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

छद्दंत जातक दहाव्या आणि सतराव्या अशा दोन्ही लेण्यांत आहे. पूर्वजन्मीचा राग धरून राणी हत्तीराजाचे सुळे मागते, शिकारी जातो, हत्ती स्वतःच सुळे देतो आणि ते पाहून राणीचा प्राण जातो. मुलांच्या चित्रकथेत असतात तसे चौकोन इथे नाहीत. तोच हत्ती एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो. एखादे झाड किंवा मंडपाचा खांब आला की पुढचा प्रसंग सुरू झाला असे समजावे.

१८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी ग्रिफिथ्स या शिक्षकाबरोबर तिथे जाऊन या चित्रांच्या नकला करीत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक. १८८५ साली लंडनच्या आगीत त्यातल्या बऱ्याच नकला जळाल्या. नकल करताना हात शिकतो. आपल्या चित्रकला स्पर्धांत मात्र भडक रंग भरणाऱ्यालाच बक्षीस मिळते! एखाद्या वर्षी मुलांना नुसती पेन्सिल देऊन पाहावी.

लेणी सोमवारी बंद असतात. जळगाव स्टेशनपासून अंतर सुमारे ६० किलोमीटर. आत उजेड मंद ठेवतात, फ्लॅश वापरू देत नाहीत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटे उभे राहावे लागते, तेवढी सवड सहलीच्या वेळापत्रकात ठेवावी.