भांडी घेताना ओळख असू द्या, पण बिल पक्कंच घ्या. मोड, कुकर, नाव टाकणं आणि तक्रार, सगळं समजून घ्या

नाशिक : तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते आणि सिन्नर, निफाड, येवला, चांदवड, कळवण अशा तालुक्याच्या गावांत भांड्यांच्या दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. रुखवताची भांडी, पोरीच्या संसाराचा सेट, आहेरात द्यायचे डबे, घरातला जुना कुकर बदलायचा असं सगळं एकाच फेरीत घेतलं जातं. कांद्याचे किंवा द्राक्षाचे पैसे हातात आलेले असतात आणि एका दिवसात दहा-वीस हजारांची खरेदी होऊन जाते.

एवढ्या खरेदीचा कागद मात्र अनेकांकडं नसतो. असला तर वहीच्या चिठोऱ्यावर पेनानं लिहिलेला आकडा असतो. महिन्याभरात कुकरची वाफ बाजूनं जायला लागली किंवा डब्याचं झाकण बसेना, की दुकानदार म्हणतो, "हा माल आमचा नाहीच." तिथं बोलणं खुंटतं.

गावाकडं बिल मागायला संकोच वाटतो, याला कारण आहे. दुकानदार ओळखीचा असतो, दोन पिढ्यांचं येणं-जाणं असतं आणि बऱ्याचदा त्याच्याकडं आपली उधारीही असते. "भाऊ, बिल काय करता, दुकान कुठं पळून चाललंय का?" असं त्यानं हसून विचारलं की गिऱ्हाईक गप्प बसतं. खरं तर बिल मागणं म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखवणं नाही. ओळखीनं भाव कमी होतो, उधार मिळतं, लग्नघरी टेम्पोनं माल पोचतो. पण वस्तू खराब निघाली की ओळख किती टिकेल, हे दुकानदाराच्या मनावर असतं. बिलाचं तसं नसतं.

"बिल घेतलं तर जीएसटी लागेल", हे कितपत खरं?

हे वाक्य जवळपास प्रत्येकानं ऐकलेलं असतं. त्यातलं खरं-खोटं असं आहे :

- डब्यात बंद येणाऱ्या वस्तूवर, म्हणजे कुकर, मिक्सर, गॅस शेगडी यांवर, छापलेली एमआरपी सगळे कर धरूनच असते. एमआरपीवर वेगळा जीएसटी लावता येत नाही.
- वजनावर मिळणाऱ्या सुट्या भांड्यांच्या भावात कर धरलाय की नाही, हे भाव ठरवतानाच विचारायचं. पैसे देताना विचारून उपयोग नाही.
- दुकानाची जीएसटी नोंदणी असेल तर विक्रीवरचा कर त्याला भरायचाच असतो. तुम्ही बिल घेतलं म्हणून नवा कर तयार होत नाही.
- नोंदणीच नसलेल्या छोट्या दुकानदाराला जीएसटी घेता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. साधं बिल मात्र दोघंही देऊ शकतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून स्टील, तांबं, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिलावर कर लावला असेल तर दर तेवढाच आहे ना, ते बघावं. मिक्सरसारख्या विजेच्या वस्तूंचा दर १८ टक्के आहे, त्यामुळं दोन्हीची गल्लत करू नये.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. विकलेल्या मालाचं बिल किंवा पावती न देणं ही या कायद्यानुसार 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. म्हणजे बिल हा दुकानदाराचा उपकार नाही.

मोड देताना पैसे जातात कुठं?

जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन नवीन घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आजीच्या काळातली घागर, हंडा, बंब, परात माळ्यावरून खाली येतात. इथंच गिऱ्हाइकाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण हिशोब तोंडी होतो आणि एकदम होतो.

मोडीच्या हिशोबात चार आकडे असतात. जुन्या भांड्याचं वजन, त्यातून कापली जाणारी घट, मोडीचा भाव आणि नवीन मालाचा भाव. घट कापणं चुकीचं नाही. डाग दिलेली घागर असेल, कल्हई असेल, लोखंडी कडी असेल तर तेवढं वजन तांब्या-पितळेचं नसतं. पण घट किती आणि कशाची, हे सांगायला हवं.

समजा, १२ किलो पितळ मोडीत दिलं. (भावाचे आकडे फक्त हिशोब समजण्यापुरते आहेत.) घट १ किलो कापली, राहिलं ११ किलो. मोडीचा भाव ४०० रुपये धरला तर झाले ४,४०० रुपये. नवीन भांडी ७ किलो, भाव ७०० रुपये, म्हणजे ४,९०० रुपये. वरून द्यायचे ५०० रुपये. आता दुकानदार हे काहीच न सांगता म्हणाला, "मावशी, मोड ठेवा आणि वरून १,२०० द्या," तर जास्तीचे ७०० रुपये घटीत गेले, भावात गेले की वजनात गेले, हे कुणालाच कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. घरून निघताना मोड वजन करून न्यावी. गावातल्या किराणा दुकानाचा किंवा दूध संकलन केंद्राचा काटा चालतो. दुकानात आधी मोडीचा व्यवहार पूर्ण करावा, चारही आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि मगच नवीन भांडी बघायला घ्यावीत. मोडीची रक्कम बिलावर वजा दाखवायला सांगावी.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी होते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. वजन सुरू होण्याआधी काट्यावर शून्य आहे का, ते बघावं. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. तोंड पलीकडं असेल तर "दादा, काटा इकडं फिरवा" म्हणायला लाजू नये.

नाव टाकण्याआधी भांडं तपासा

आपल्याकडं भांड्यावर नाव टाकून घ्यायची पद्धत आहे. "सप्रेम भेट", देणाऱ्याचं नाव, तारीख असं दुकानात छोट्या मशीननं कोरून देतात. काही दुकानं हे फुकट करतात, काही अक्षरावर पैसे घेतात. पण एकदा नाव कोरलं की ते भांडं दुसऱ्याला विकता येत नाही. त्यामुळं नंतर बदलून मागितलं की वाद होतो.

म्हणून नाव टाकायला देण्याआधी प्रत्येक नग हातात घ्यावा. डब्याचं झाकण लावून-काढून बघावं. पातेलं सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतं का ते बघावं. कडा बोटानं तपासावी, पत्रा धारदार राहिला असेल तर हात कापतो. कान आणि दांडे हलवून बघावेत. घागर, कळशी पाणी भरून बघायला दुकानदार नाही म्हणत नाहीत. नाव आणि गाव कागदावर स्वच्छ लिहून द्यावं. गडबडीत सांगितलेल्या नावात चूक झाली तर ती कायमची राहते.

लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच खरी

"बघा, चुंबक चिकटत नाही, म्हणजे भारी स्टील," असं दुकानात दाखवलं जातं. चांगलं ३०४ ग्रेडचं स्टील सहसा चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण स्वस्त २०२ ग्रेडचं स्टीलही चिकटत नाही. त्यामुळं चुंबकानं दोन्हीतला फरक कळत नाही. ग्रेड बिलावर लिहून घेणं हाच मार्ग. उलट इंडक्शन शेगडीसाठी भांडं घ्यायचं असेल तर त्याच्या बुडाला चुंबक चिकटलंच पाहिजे, नाहीतर ते तापणार नाही.

कुकर घेताना तडजोड नको

वाकडं झालेलं पातेलं वापरता येतं, खराब कुकर जिवावर बेततो. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याचं मानक आयएस २३४७. नुसतं चिन्ह बघून थांबू नये. चिन्हाखाली इंग्रजीत 'सीएम/एल' आणि पुढं परवाना क्रमांक असतो. मोबाईलवर 'बीआयएस केअर' अ‍ॅप घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का, ते लगेच दिसतं. दुकानातच उभ्या-उभ्या हे करता येतं. बिगर आयएसआय कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपन्यांनाही दंड केला होता. त्यामुळं मोबाईलवरून मागवलेला कुकरही घरी आल्यावर तपासावा.

वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख तिथंच टाकून घ्यावी. कोरं कार्ड सर्व्हिस सेंटरवर चालत नाही. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सहसा वॉरंटीत नसतात, ते विचारून घ्यावं आणि बदलताना त्याच कंपनीचे घ्यावेत. सर्व्हिस सेंटर कुठं आहे, हेही आधीच विचारावं. ते फक्त नाशिकला असेल तर सुरगाणा-पेठच्या माणसाचा एक दिवस आणि गाडीभाडं त्यात जातं.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही"

बऱ्याच बिलांवर हे छापलेलं असतं. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रंग आवडला नाही, सुनेला दुसरी डिझाइन हवी, दोन डबे जास्त झाले, अशा कारणांसाठी माल बदलून देणं हा दुकानदाराचा चांगुलपणा आहे. कायद्याचा तिथं जोर नाही. पण वस्तूच सदोष निघाली तर ती परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला हवेत. "आमचा संबंध नाही, कंपनीकडं जा" एवढं सांगून दुकानदार मोकळा होत नाही. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही धरता येतं.

वागणुकीचाही अनुभव असतो. साध्या कपड्यातला माणूस, एकटी बाई किंवा म्हातारं माणूस आलं की वरच्या फळीवरचा माल खाली काढून दाखवला जात नाही, "ते महाग आहे" म्हणून आधीच सांगितलं जातं. याला कायद्याचं कलम शोधण्यापेक्षा दुसरं दुकान बरं. प्रत्येक भांडं पुसून हातात देणारे, चुकलं तर मुकाट्यानं बदलून देणारे दुकानदारही प्रत्येक तालुक्यात आहेत. आपली पुढची खरेदी त्यांच्याकडं गेली तर बाकीच्यांनाही समजतं.

तक्रार करायची वेळ आली तर

१. आधी बिल आणि वस्तू घेऊन दुकानात जावं, शांतपणे बोलावं. निम्मी प्रकरणं इथं मिटू शकतात, विशेषतः दुपारची गर्दी नसताना गेलं तर.

२. ऐकलं नाही तर तीच गोष्ट फोटोसह दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावी. तारीख आणि पुरावा दोन्ही राहतात.

३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ८८०००० १९१५ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावरही तक्रार देता येते. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

४. तरीही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वस्तू कुठूनही घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइन तक्रारीसाठी 'ई-जागृती' पोर्टल आहे.

५. वजनात मारल्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडं आणि खोट्या आयएसआय चिन्हाची 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर.

बिल नसेल तरी सगळं संपत नाही. फोन पेनं किंवा गुगल पेनं पैसे दिले असतील तर त्याची नोंद राहते. पण त्यात रक्कम दिसते, वस्तू दिसत नाही. म्हणून पैसे पाठवताना खाली 'कुकर ५ लिटर' असं लिहायची सवय लावावी.

घरातून निघताना लक्षात ठेवा

- मोड वजन करून, वजन लिहून न्या.
- सुट्या मालाचा भाव करासह की कराशिवाय, ते आधी विचारा.
- बिलावर तारीख, दुकानाचं नाव, नग, वजन, भाव आणि स्टीलची ग्रेड असू द्या.
- नाव टाकण्याआधी प्रत्येक नग तपासा.
- कुकरचा परवाना क्रमांक अ‍ॅपवर बघा, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या.
- मशीनच्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवा.
- उधारीत घेतलं तरी बिल घ्या. पैसे बाकी असले म्हणून गिऱ्हाइकाचा हक्क बाकी राहत नाही.