पोराला पाण्याची ओढ लागली तर



मे महिन्यात खडेबाजारात खरेदीला आलेले एक ओळखीचे शेतकरी आम्हाला भेटले. बोलता बोलता म्हणाले, "आमचं पोरगं सकाळी विहिरीत उतरलं की दुपारपर्यंत वर येत नाही. आता म्हणतंय, शर्यतीत पोहायचं. याला आवरावं की सोडावं?" हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे. म्हणून या वेळी त्याविषयीच लिहीत आहोत.

पोहण्याची गोडी एका दिवसात लागत नाही. तिच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी भीती जाण्याची. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून आपल्या वाडवडिलांनी मुलांना विहिरीत सोडले, ते याचसाठी. अंग सैल सोडले की पाणी आपल्याला उचलून धरते, हे एकदा मुलाला पटले की भीती जाते आणि खेळ सुरू होतो. दुसरी पायरी श्वासाची. तोंड वर येताच श्वास घ्यायचा आणि पाण्याखाली तो सावकाश सोडायचा, हा ताल बसला की मूल लवकर दमत नाही. तिसरी पायरी घड्याळाची. पन्नास मीटरच्या तलावात कोणीतरी वेळ मोजून सांगतो, आणि आठवड्याने तीच वेळ एका सेकंदाने कमी भरते. तो एक सेकंद मुलाला चटक लावतो. दुसऱ्याशी शर्यत लागण्याआधी त्याची स्वतःच्याच मागच्या वेळेशी शर्यत लागते.

आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे याचे उदाहरण पाहा. त्याचा जन्म 1991 चा. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो 50, 100 आणि 200 मीटर मुक्त शैलीत पोहला, तेव्हा त्याला सतरावे वर्ष चालू होते. 2010 साली ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लाय प्रकारात 24.31 सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळवले. 1986 साली सेऊल येथे खजानसिंगांनी रौप्यपदक मिळवल्यानंतर 24 वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेत पोहण्यातले पदक मिळाले. पुढे महाराष्ट्र शासनात तहसीलदाराची नोकरी लागली आणि सराव मागे पडला. एखाद्याने तेथेच थांबून मिळालेल्या नावावर समाधान मानले असते. पण तो पुन्हा पाण्यात उतरला. 2018 च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत 50 मीटर मुक्त शैलीत तो चौथा आला. कांस्यपदक हुकले ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने! तरीही त्याने पोहणे सोडले नाही. 2023 साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 50 मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक घेऊनच त्याने राष्ट्रीय स्पर्धांचा निरोप घेतला. केवळ पदकाच्या लोभाने कोणी इतकी वर्षे पाण्यात राहत नाही.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे. ते सैन्यातले तरुण मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यापाशी लागली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, सांध्यांवर दाब येत नाही, आणि तरी हात, खांदे, छाती यांना भरपूर व्यायाम होतो. जे औषध म्हणून घेतले त्याचीच पुढे आवड झाली. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडा स्पर्धेत, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, त्यांनी 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक 37.33 सेकंदांत जिंकले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोघांवरून आईबापांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आवड आधी येते, पदक मागाहून. पहिल्याच वर्षी "नंबर आला का?" असे विचारू लागलो, तर मुलाच्या मनात पाण्याऐवजी आपल्या रागाची भीती बसते. "आज पोहताना कसं वाटलं?" असे विचारावे. सकाळच्या सरावासाठी रात्री लवकर झोपू द्यावे. सरावानंतर भूक मोठी लागते. भाकरी, उसळ, दूध, अंडे, शेंगदाण्याचा लाडू हे घरचेच खाणे पुरेसे आहे. कान दुखत किंवा वाहत असेल तर बरे होईपर्यंत पाणी बंद ठेवावे व डॉक्टरांना दाखवावे. कानात तेल घालू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. कितीही तरबेज मुलगा असला तरी त्याला एकट्याने विहिरीत उतरू देऊ नये. पोहता येणारे मोठे माणूस काठावर असलेच पाहिजे. विहिरीवर विजेची मोटार असेल तर नुसते बटण बंद करून भागत नाही. फ्यूज काढून खिशात ठेवावा, म्हणजे पाण्यात करंट उतरण्याची भीती राहत नाही. ओळखीच्या नसलेल्या पाण्यात सूर मारू नये, खाली दगड किंवा गाळ असतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तर पोहूच नये. त्याचा उतार इतका निसरडा असतो की चांगला पोहणाराही वर चढू शकत नाही. ज्यांचे शेततळे आहे त्यांनी भोवती कुंपण घालावे, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवावेत आणि हवा भरलेली एक ट्यूब काठावर ठेवावी. हा खर्च एका जिवापुढे काहीच नाही.

शर्यतीत उतरायचे असेल तर मात्र विहीर पुरत नाही. विहिरीत सरळ अंतर मिळत नाही आणि वळण घेण्याचा सराव होत नाही. त्यासाठी बेळगावात जलतरण तलाव आहेत, शिकवणारे आहेत. सुट्टीत महिनाभर तरी मुलाला, आणि मुलीलाही, तेथे पाठवावे. मुलीला पोहणे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी विहिरीवर पाण्याला कोण जाते ते आठवावे.

त्या शेतकरी बांधवांना आम्ही एवढेच म्हणालो, "पोराला आवरू नका आणि मोकळंही सोडू नका. त्याच्याबरोबर काठावर जाऊन बसा." ते हसले आणि म्हणाले, "मग मलाच आधी पोहायला शिकलं पाहिजे." आम्हाला ते पटले. काठावर बसणाऱ्याला पोहता आलेच पाहिजे.