जहाजाची भाररेषा
लोखंडी खिळा पाण्यात बुडतो. मग प्रचंड पोलादी जहाज तरंगते कसे? जहाज आतून पोकळ असते. ते जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा रेटा त्यास वर उचलतो. माल वाढला, की जहाज अधिक खोल जाते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कित्येक लोभी जहाजमालक बेसुमार माल भरीत. अशी जहाजे वादळात बुडत आणि खलाशी प्राणांस मुकत. पार्लमेंटचे सभासद सॅम्युएल प्लिमसॉल यांनी या अन्यायाविरुद्ध झुंज दिली. १८७६ साली जहाजावर भाररेषा काढणे बंधनकारक झाले; परंतु तिची जागा मालकच ठरवीत. १८९० च्या कायद्याने तीही पळवाट बंद केली.

आज मालवाहू जहाजाच्या बाजूवर एक वर्तुळ व त्यास छेदणारी आडवी रेघ दिसते. ती साधी रेघ खलाशांच्या प्राणांची राखण करते.