निवारा कोठें बांधावा?

घरदार नसलेल्या लोकांकरितां रात्रीचा निवारा असावा, ह्याविषयीं पुण्यासारख्या विद्यानगरींत आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. मतभेद सुरू होतो तो 'कोठें?' हा शब्द उच्चारला जातांच. स्थानकाजवळ म्हटलें कीं व्यापारी म्हणतात, गिऱ्हाईक बिथरेल. कॉलेजांच्या बाजूस म्हटलें कीं पालक म्हणतात, मुलामुलींच्या सुरक्षिततेचें काय? पेठेंत म्हटलें कीं रहिवासी म्हणतात, येथें पाय ठेवावयास तरी जागा आहे काय? शेवटीं सर्वांचें एकमत होतें तें गांवाबाहेरच्या एखाद्या माळावर. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, त्यांतलाच हा प्रकार होय.

जागा ठरवितांना पहिला प्रश्न हा कीं, तेथें निजावयास येणार कोण? आळशी आणि भिकारी, हें उत्तर तयारच असतें. परंतु डोळे उघडे ठेवून रात्रीं हिंडणाऱ्यास निराळीं माणसें दिसतात. गुलटेकडीच्या बाजारांत पहांटे मालाच्या गाड्या उतरविणारा हमाल, खाणावळींत भांडीं घासणारा गडी, सकाळीं मजूर अड्ड्यावर उभा राहणारा बिगारी, ससून रुग्णालयांत नातलग ठेवून बाहेर पथारी पसरणारा परगांवचा शेतकरी, घरांतून हांकलून दिलेली म्हातारी. ह्यांची भाकर जेथें, तेथेंच ह्यांची पथारी. अशा मनुष्यास दोन-चार कोस दूर छप्पर दिलें, तर बसभाड्यांत त्याची मजुरी झिजेल आणि पहांटेचें काम हातचें जाईल. तो पुन्हा पदपथावरच निजेल, इमारत ओस पडेल, आणि मग आम्हीच म्हणूं कीं, ह्या लोकांना निवारा नकोच आहे!

हें केवळ आमचें मत नव्हे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवाराविषयक नियमांतही, निवारे शक्यतों बेघरांच्या वस्तीजवळ व कामाच्या ठिकाणाजवळ, म्हणजे रेल्वे स्थानक, बस आगार, बाजारपेठ अशा जागीं असावेत, असें सांगितलें होतें. लाख वस्तीमागें निदान १०० माणसांची सोय आणि माणशीं ५० चौरस फूट जागा, असें मापही घालून दिलें होतें. २०११ च्या शिरगणतींत पुणें महापालिकेच्या हद्दींत ३१ लाखांवर लोक होते. त्या मापानें तीन हजारांवर माणसांची सोय व्हावयास हवी. एवढा भार एकाच पेठेवर टाकावा, असें कोणीच म्हणणार नाहीं. लहान लहान निवारे अनेक भागांत विखुरले, तर 'आमच्याच माथीं कां?' ह्या तक्रारीस जागा उरत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. व्यापारी बंधूंस आमचें सांगणें इतकेंच कीं, तुमच्या दुकानाच्या फळीखालीं आजही जो निजतो, तोच उद्यां निवाऱ्यांत निजेल. शौचकूप, पाणी व दिवा मिळाल्यानें तुमची आळी स्वच्छच होईल. पालकांची काळजी मात्र आम्ही खरी मानतों. तिचें उत्तर चांगल्या व्यवस्थेंत आहे: स्त्रियांकरितां स्वतंत्र निवारा, कुटुंबांची निराळी सोय आणि चोवीस तास जबाबदार व्यवस्थापक. शिवाय, ज्या पेठांत एके काळीं गरीब विद्यार्थी वार लावून व माधुकरी मागून शिकले, त्या पेठांनीं आज निराश्रिताकडे पाहून नाक मुरडावें, हें विद्येस शोभत नाहीं.

ह्या शहराचा इतिहासही हेंच शिकवितो. १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं अस्पृश्यांस खुला केला तो स्वतःच्या घरचा हौद. त्यासाठीं त्यांनीं गांवाबाहेरची विहीर शोधली नाहीं. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं हिंगण्यास गेला, तेव्हां कॉलेजांत शिकवून तेथवर पायपीट करणें कर्व्यांच्या वांट्यास आलें. ती त्यांनीं आपखुशीनें पत्करली. तीच पायपीट दिवसभर ओझीं वाहिलेल्या हमालावर लादण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

म्हणून महापालिकेनें प्रथम बेघर लोक कोठें निजतात ह्याची रात्रीं मोजदाद करावी. मग त्या ठिकाणांपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आपल्या मालकीच्या ज्या इमारती रिकाम्या पडल्या असतील, त्यांची यादी प्रसिद्ध करावी. त्यानंतर नागरिकांचें म्हणणें अवश्य ऐकावें; परंतु निवारा कसा चालवावा ह्यावर ऐकावें, तो दुसऱ्याच्या दारीं ढकलण्यासाठीं नव्हे. बेघर मनुष्य शहरांत आहेच. त्यानें दुकानाच्या पायरीवर निजावें कीं छपराखालीं, एवढेंच आपणांस ठरवावयाचें आहे.