झोपेतल्या ठोशांचा माग

साठी उलटलेला, एरवी शांत स्वभावाचा गृहस्थ पहाटेच्या सुमारास झोपेत ओरडतो, ठोसे मारतो, कधी पलंगावरून खाली कोसळतो. जागं केलं की सांगतो, कुणीतरी अंगावर धावून येत होतं. ‘वाईट स्वप्न पडलं’ म्हणून घरचे विषय सोडून देतात आणि त्यात मोलाची वर्षं निघून जातात.

झोपेच्या ‘आरईएम’ नावाच्या टप्प्यात स्वप्नं रंगतात तेव्हा मेंदू अंगाचे स्नायू ढिले सोडतो. डोळे आणि श्वास तेवढे चालू राहतात. लियाँच्या मिशेल जुव्हे यांनी १९६०च्या दशकात मांजरांच्या मेंदूतली ही व्यवस्था मोडली, तेव्हा झोपलेली मांजरं उठून शिकारीचे पवित्रे घेऊ लागली. माणसांतला तसाच बिघाड मिनिआपोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. तोच आरईएम स्लीप बिहेव्हियर डिसऑर्डर, थोडक्यात आरबीडी.

खरी काळजी पुढची आहे. शेंक यांच्याच २९ रुग्णांपैकी ३८ टक्क्यांना काही वर्षांत कंपवातासारखा आजार जडल्याचं १९९६ मध्ये दिसलं. २०१९ मध्ये २४ केंद्रांतल्या १,२८० रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात दर वर्षी सहा टक्क्यांहून अधिक जणांना कंपवात किंवा स्मृतिभ्रंश होत होता. बारा वर्षांत हे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेलं. हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी झोप खबर देते. ती कोण ऐकणार, हा प्रश्न आहे.

खात्रीचं निदान स्लीप लॅबमध्येच होतं. हनुवटीच्या आणि हाताच्या स्नायूंवर तारा लावून रात्रभराची नोंद घ्यायची, मग तज्ज्ञाने तिचा तुकडा न् तुकडा डोळ्यांखालून घालायचा. हे काम किचकट, आणि दोन तज्ज्ञांचं एकमत होईलच असं नाही. इटलीच्या राफाएले फेर्री आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हनुवटीचा आलेख सेकंदासेकंदाने मोजून शून्य ते एक असा निर्देशांक काढला. एकाच्या जवळ म्हणजे स्नायू निवांत, ०.८ च्या खाली म्हणजे बिघाड ठळक.

पण इथे एक पेच आहे. आरईएम झोप ओळखण्याची एक खूणच मुळी ढिली हनुवटी. तिच्यावर भिस्त ठेवणारा संगणक आरबीडीच्या रुग्णाची आरईएम झोप ओळखायलाच चुकतो, म्हणजे नेमका हवा तो माणूस निसटतो. म्हणूनच झोपेचे टप्पे आणि स्नायूंचा ताण दोन्ही यंत्रालाच शिकवण्याचा ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेला मार्ग मला मोलाचा वाटतो. तरीही घोरण्यातून श्वास अडकणारे किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या घेणारे लोक यंत्राला चकवू शकतात.

अलीकडे तारांऐवजी कॅमेरा पुढे आला आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या गटाने लॅबमधल्या साध्या कॅमेऱ्याच्या चित्रणातून हालचालींचा वेग, आवाका आणि मधली स्तब्धता मोजली आणि सुमारे ९२ टक्के अचूकता गाठली. मनगटी यंत्रांवरही काम चालू आहे.

९२ टक्के ऐकायला भरघोस वाटतात. हिशेब मात्र करून पाहावा. उतारवयात हा आजार साधारण शंभरात एकाला असतो. दहा हजार लोकांना असं यंत्र लावलं आणि ते रुग्ण आणि निरोगी दोघांच्या बाबतीत सारखंच अचूक धरलं, तर शंभरपैकी ९२ रुग्ण सापडतील. पण ७९२ निरोगी माणसांनाही धोक्याचा इशारा जाईल. कंपवात रोखणारं औषध आज हाती नसताना घड्याळाने असा निरोप परस्पर देणं मला क्रूर वाटतं. यंत्राने संशयितांची यादी करावी. निदान लॅबमध्ये व्हावं आणि ते रुग्णाला किती ऐकायचं आहे हे विचारून डॉक्टरांनी समोर बसून सांगावं. क्लोनाझेपाम किंवा मेलाटोनिनने झोपेतली झटापट बरीच आवरते. उशाशी काचेच्या वस्तू न ठेवणं, पलंग ठेंगणा ठेवणं, एवढं घरीही जमतं.

यंत्राची सर्वांत मोठी गरज मला औषधांच्या चाचण्यांसाठी दिसते. आजार रोखणारं औषध पारखायचं तर तो बळावण्याआधीचे शेकडो रुग्ण हवेत, आणि तेच लॅबपर्यंत पोचत नाहीत. आपल्याकडचे रुग्ण त्यांत यायचे, तर एका खोलीत गाद्या टाकून, डोक्यावरून चादर ओढून शेजारी शेजारी झोपलेली माणसंही या कॅमेऱ्यांना वाचायला शिकवावी लागतील. लॅबमधल्या चित्रणात पलंगावर माणूस एकटाच असतो.