गोल अक्षरांचं दशक

परवा चौकात एका तरुण मुलाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिला. नाव लिहिलं होतं 'बलू' या फॉन्टमध्ये. जाड, गुबगुबीत, कोपरे गोल, बालवाडीच्या फलकावर शोभेल असं हसरं अक्षर. ते पाहून पोटात तुटलं. बलूचा यात काही दोष नाही. त्याला येऊन दहा वर्षं होत आली, आणि मराठी अक्षरावर त्याचे उपकार मोठे आहेत.

ते उपकार समजायला थोडं मागे जावं लागतं. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांचं युग थोर होतं, पण त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मी जगलो ते नव्वदीनंतरचं डीटीपीचं दशक. गिऱ्हाईक म्हणायचं, 'अजून ठळक करा.' आमच्याकडच्या बऱ्याच फॉन्टना जाड वजनच नव्हतं. मग कोरलड्रॉमध्ये अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन चढवायची. 'क्ष'ची गाठ बुजायची, 'श्री'च्या आतलं पांढरं नाहीसं व्हायचं, रफार शिरोरेषेत बुडायचा. वर ते अक्षर आडवं ताणायचं. मी कुरकुर केली की मालक म्हणत, 'लांबून कोण बघतंय!' लोक बघत होते. एक अख्खी पिढी त्या बुजलेल्या अक्षरांवर वाढली. फाईल दुसऱ्या प्रेसवर नेली की मजकुराचा कचरा व्हायचा, कारण प्रत्येक फॉन्ट-कंपनीचं कोडिंग वेगळं.

त्याच सुमारास फ्लेक्स आला आणि पेंटर गेले. सपाट ब्रशच्या एका ओढीत काना उतरवणारी ती माणसं! अक्षर जाड करायचं तर आतलं पांढरं आधी राखायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

आतलं पांढरं राखण्याचं ते काम मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी पुन्हा करून दाखवलं. बलूची देवनागरी सारंग कुलकर्णींची. रेघ भरदार, तरी 'ध'चं, 'भ'चं पोट मोकळं. जोडाक्षर गर्दीतही वाचता येतं. नाव 'जंगल बुक'मधल्या अस्वलाचं, आणि इतर लिप्यांतल्या भावंडांना प्रेमाने पाजी, दा, तंबी, चेट्टन, भाईजान म्हटलेलं. शिवाय युनिकोड, म्हणजे कोडिंगचा तो गोंधळ नाही, आणि फुकट. आउटलाइन चढवून हात दुखलेल्या माणसाला विचारा याची किंमत!

पुढे 'बलू २' आला, पाच वजनं घेऊन. आमचे लोक मात्र थेट सगळ्यात जाड वजनावर जातात. संयमी मजकुरासाठी त्याच मंडळींचा 'मुक्ता' आहे, तोही फुकट. पण तो निवडायचा तर मजकूर आधी वाचावा लागतो.

अक्षरकार कमल शेडगे नाटकाचं नाव लिहायचे, तेव्हा जाहिरातीतल्या त्या चार अक्षरांवरून नाटकाची प्रकृती कळायची. 2020 मध्ये ते गेले. आता लोणच्याची बरणी, स्नेहसंमेलन, दिवाळी अंक आणि शोकसभा, सगळ्यांना एकच अक्षर. निर्मात्यांनी, प्रकाशकांनी शीर्षक काढून घ्यायला अक्षरकाराला पैसे मोजावेत, एवढीच माझी मागणी आहे. बलू फुकट मिळतो, म्हणून तो खर्च वाचला असं समजू नये.