मारिओची मिशी

मारिओला मिशी का आहे? हौसेपोटी नव्हे, नाइलाजाने. १९८१ साली ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र रेखाटलं, तेव्हा हाताशी मोजकेच चौकोनी ठिपके होते. एवढ्याशा जागेत तोंड काढणार कुठे? म्हणून नाकाखाली मिशी. केस काढणं अवघड, म्हणून टोपी. पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून दुरंगी कपडे.

अशा चौकोनी ठिपक्यांची चित्रकला, म्हणजे पिक्सेल आर्ट, शिकायची तर सुरुवात इथूनच करावी. गणिताच्या चौकटीच्या वहीत १६ बाय १६ घरं आखा, म्हणजे २५६ चौकोन. रंग तीनच घ्या. डोळा एक घर सरकला की भोळा चेहरा एकदम चक्रम दिसतो, हे स्वतः केल्याशिवाय पटत नाही. (ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही.) महागड्या सॉफ्टवेअरच्या नादी इतक्यात लागू नये. ‘पिस्केल’ हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये फुकट चालतं, तेवढं पुरे.

आणि काटकसर बघायची तर १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ उघडा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप, आकार एकच. वर पांढरा, खाली हिरवा.